जंभेरीवरच्या अळीचा पाच मिनिटांचा निसर्गपट: मोबाईलवर कसा करायचा

विदर्भात निसर्गपट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ताडोब्याचा वाघ उभा राहतो. तो नाद सुरुवातीला सोडून द्या. व्याघ्र प्रकल्पात चित्रीकरण करायचं तर वनखात्याची परवानगी काढावी लागते, आणि एवढं करून वाघ दिसला तर दिसला. टीव्हीवरच्या चांगल्या मालिका जरा नीट पाहा. त्यांतली कितीतरी मिनिटं वाघ-सिंहांची नसतात. किड्यांची, कोळ्यांची, उगवणाऱ्या रोपांची असतात. बीबीसीची २००५ सालची 'लाइफ इन द अंडरग्रोथ' ही अख्खी मालिका पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांवर आहे. अशा चित्रीकरणाला जंगल लागत नाही. एक प्राणी पुरेपूर ओळखीचा हवा, तो कोणत्या तासाला काय करतो ते ठाऊक हवं, आणि त्या तासाला कॅमेरा लावून बसायची तयारी हवी.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्र्याच्या पट्ट्यात असा प्राणी प्रत्येक बागेत आहे. लिंबावरचं फुलपाखरू, शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलियस. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखांना शेपटी नाही, आणि मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी-लाल ठिपका. त्याची अळी संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, जंभेरी (संत्र्याची कलमं बांधायला वापरतात ते लिंबू) यांची कोवळी पानं खाते. संत्र्याचा बगीचा नसेल तर अंगणातल्या गोडनिंबावर किंवा बेलावरही सापडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास पावसाळ्याच्या हवेत साधारण महिन्याभरात उरकतो. अळी चावत नाही, पळत नाही, आणि नर्सरीवाला ती आनंदाने देतो, कारण जंभेरीच्या लहान रोपांची पानं ती दोन दिवसांत साफ करते.

केव्हा आणि कुठे शोधायचं

मादी अंडी घालते ती कोवळ्या पालवीवर. म्हणून झाडाला नवती फुटते तेव्हा शोधा. आंबिया, मृग आणि हस्त या तिन्ही बहारांच्या वेळी नवी पालवी असते, पण चित्रीकरणाला जुलै ते नोव्हेंबर हा काळ सगळ्यात सोयीचा. एप्रिल-मेमध्ये अळ्या कमी, घरात ऊन-उष्णता जास्त, आणि मोबाईल तापून बंद पडतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कोष बराच लांबतो, तो कधी फुटेल याचा अंदाज बांधता येत नाही.

बागेत जाण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारा: कोणत्या ओळीवर फवारणी झाली आणि कधी? फवारलेल्या झाडाची फांदी आणली की अळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोळागोळा होऊन मरते आणि तुम्हाला कारण कळत नाही. बांधावरचं, विहिरीजवळचं, फवारणीतून सुटलेलं एखादं लिंबाचं झाड आधी हेरून ठेवा. पुढचे तीन आठवडे चारा त्याच झाडाचा लागणार आहे.

अंडं मोहरीपेक्षा थोडं लहान, गोल, फिकट पिवळं. बहुधा कोवळ्या पानावर किंवा शेंड्यावर एकेकटं असतं, पुंजका नसतो. लहान अळी गडद तपकिरी, मधे पांढरा डाग. पक्ष्याची शीट पडली आहे असंच वाटतं आणि त्यामुळेच पक्षी तिला सोडून देतात. शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेतली अळी हिरवीगार, अंगावर तपकिरी आडवे-तिरके पट्टे, लांबी सुमारे चार सेंटिमीटर.

एक सावधगिरी. याच झाडांवर कॉमन मॉरमॉन या दुसऱ्या फुलपाखराच्याही अळ्या असतात आणि लहानपणी दोघी जवळपास सारख्या दिसतात. म्हणून निवेदनात नाव घालायची घाई करू नका. कोषातून बाहेर आलेल्या फुलपाखराला शेपटी नाही याची खात्री झाली की मगच नाव पक्कं करा.

अळी घरी ठेवणं

अळी बोटांनी उचलू नका. तिच्या पायांच्या आकड्या पानावर विणलेल्या रेशमात रुतलेल्या असतात. ओढली की पाय दुखावतात. ती बसलेली डहाळीच कात्रीने कापा. तीन-चार अंडी आणि वेगवेगळ्या वयाच्या पाच-सहा अळ्या आणाव्यात, कारण एखादी मरणार, एखादीतून भलतंच काही निघणार, हे धरून चालायचं.

डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत उभी करा आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा. ही पायरी सोडली की अळी रात्री देठावरून खाली उतरते आणि पाण्यात बुडून मरते. बाटली टोपल्यात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. प्लास्टिकच्या बंद बरणीत अळी ठेवू नका: आत दव धरतं, विष्ठेला बुरशी येते, आणि अळी काळी पडून डोकं खाली करून लोंबते. अशी काळी अळी दिसली तर ती डहाळीसकट लगेच बाहेर काढा, भांडं साबणाने धुवा, हात धुवा, मगच बाकीच्यांना हात लावा. खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरून तो रोज बदला. मुंग्यांसाठी टोपलं पाणी भरलेल्या परातीत, विटेवर ठेवा.

चारा रोज सकाळी ताजा. मोठी अळी दिवसाला कितीतरी पानं संपवते. संध्याकाळी देठच उरलेले दिसले तर समजा की रात्रभर ती उपाशी राहणार. नवी डहाळी जुनीला टेकवून ठेवली की ती आपण होऊन चढते.

अळी चार वेळा कात टाकते. त्याआधी जवळजवळ एक दिवस ती खाणं थांबवून जागच्या जागी बसते, डोक्यामागचा भाग फुगलेला दिसतो. अशा वेळी तिला हलवलं तर कात अर्धवट अडकते आणि ती मरते. नवख्यांच्या बहुतेक अळ्या याच कारणाने जातात. खात नाही म्हणजे आजारी, असं समजून लोक तिला ढोसत बसतात.

मोबाईलची तयारी

महागडा कॅमेरा नसला तरी चालतं. हलणारा मोबाईल मात्र चालत नाही. लहान ट्रायपॉड आणि मोबाईलची पकड विकत घ्या, किंवा दोन विटांच्या मधे तांदळाची छोटी पिशवी ठेवून मोबाईल त्यात रुतवा. हातात धरून काढलेलं जवळचं दृश्य पडद्यावर बघवत नाही, कारण तीन मिलिमीटरची हालचाल तिथे हातभर होते.

जवळच्या दृश्यासाठी मोबाईलला चिमट्याने लागणारं मॅक्रो भिंग घ्या. ते मिळालं नाही तर घड्याळजी वापरतात ते दहापटीचं भिंग लेन्सच्या बरोबर मध्यावर टेपने चिकटवा. अशा भिंगाने प्राणी दोन-चार सेंटिमीटरवर असतानाच स्पष्ट दिसतो, आणि स्पष्टतेची जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते. म्हणून अळीचं अंग मोबाईलला समांतर ठेवा. ती तिरकी असेल तर डोकं स्पष्ट आणि शेपूट धूसर येतं. फोकस स्क्रीनवर बोट लावून साधत बसू नका. मोबाईल एका गुळगुळीत फरशीवर ठेवून मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे-मागे सरकवा. स्क्रीनवरची झूम वापरायची नाही, तिने चित्र फक्त फाटतं.

चित्रीकरणाआधी हे करून घ्या:

- एअरप्लेन मोड लावा. ऐन कोष फुटताना फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं.
- स्क्रीनवर बोट दाबून धरा आणि फोकस व उजेड कुलूपबंद करा. नाहीतर अळी मान हलवेल तसा उजेड कमी-जास्त होत राहतो.
- मोबाईल ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझेशन बंद करा. सगळे फिल्टर बंद.
- १०८० पिक्सेल आणि सेकंदाला २५ चित्रं निवडा. २५ चा पर्याय नसेल तर ३०.
- एका मिनिटाला साधारण १३० एमबी जागा लागते. दिवसभराच्या कामाला १० जीबी मोकळी ठेवा.

२५ चित्रांचा आग्रह विजेमुळे आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण ३० चित्रांवर घेतलं की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसू शकतात. शटर हाताने लावता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा. स्लो मोशन घरातल्या दिव्याखाली घेऊच नका, ते उन्हात घ्या. बॅटरीवर चालणारी चांगली विजेरी बहुधा लुकलुकत नाही, आणि लोडशेडिंगमध्येही तीच कामाला येते.

उजेड खिडकीतून बाजूने येऊ द्या. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की सावल्या सौम्य होतात. विजेरी वापरली तर तिच्यापुढे बटर पेपर धरा. हॅलोजन लावू नका: त्याच्या आचेने डहाळी तासाभरात कोमेजते आणि अळी सावली शोधत पानाखाली जाते. मागे एक फूट अंतरावर गडद हिरवा किंवा मातकट कार्डपेपर लावा, म्हणजे मागची भिंत आणि कॅलेंडर दिसणार नाही.

काय काय चित्रित करायचं

एक प्रसंग पडद्यावर उभा करायचा तर तो किमान चार अंतरांवरून घ्यावा लागतो: बाग, झाड, डहाळी, आणि अळीचं तोंड. प्रत्येक दृश्य किमान १० सेकंद, कॅमेरा न हलवता. नवखा माणूस तीन सेकंदांत कॅमेरा वळवतो आणि मग जोडताना हाती काहीच लागत नाही. अळी डावीकडून उजवीकडे जात असेल तर त्या प्रसंगातल्या सगळ्या दृश्यांत तशीच जाऊ द्या. मधेच उलट दिशा आली की बघणाऱ्याला दुसरी अळी आली असं वाटतं.

अंडी घालणं बागेतच टिपावं लागतं, घरात ते जमत नाही. ऊन चढू लागलं की, साधारण सकाळी ९ ते ११, कोवळी नवती असलेल्या एका झाडाशी बसा. फुलपाखरामागे धावू नका, ते हाती लागत नाही. मादी झाडाभोवती घिरट्या घालते, पानावर क्षणभर टेकून पुढच्या पायांनी ते थोपटते, पायांनीच पानाची चव घेते, मग पोटाचं टोक वाकवून एक अंडं चिकटवते आणि उडते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. एका शेंड्यावर फोकस बांधून मोबाईल सुरू ठेवा आणि वाट पाहा. रिकामं रेकॉर्डिंग नंतर पुसता येतं. त्याच बागेत दांडाच्या (पाण्याच्या पाटाच्या) कडेच्या ओल्या मातीवर नर फुलपाखरं बसून क्षार शोषताना सापडतील. तिथे पोटावर आडवं होऊन, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून चित्रित करा. उभ्याने वरून घेतलेल्या दृश्यात प्राणी लहान आणि परका वाटतो.

अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. फुटण्याआधी पिवळा रंग गडद होतो आणि आतलं काळं डोकं दिसू लागतं. त्या दिवशी मॅक्रो भिंग लावून ठेवा. बाहेर आलेली अळी आधी अंड्याचं कवच खाते. हे दृश्य हुकवू नका, पोरांना ते फार आवडतं.

पाचव्या अवस्थेतल्या अळीत पाहण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. तिच्या छातीवर दोन मोठे डोळे दिसतात ते डोळे नाहीत, नुसत्या खुणा आहेत. खरं डोकं त्यांच्या खाली, पुढे दुमडलेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा बारीक साधे नेत्र. तोंड पानाच्या काठावर वरून खाली चालतं, खाली पोचलं की मान उचलून पुन्हा वरून सुरुवात. पानाची कड प्रत्येक फेरीला अर्धगोल कापत जाते. मोबाईल पानाच्या काठाला अगदी समोरून लावलात तर जबडे बाजूंनी मिटताना दिसतात, आपल्यासारखे वर-खाली हलत नाहीत.

मऊ ब्रशने डोक्यामागे हलकं टोचलं की तिथून नारिंगी, दुभंगलेला मऊ अवयव बाहेर येतो आणि आंबूस वास सुटतो. शास्त्रात त्याला ऑस्मेटेरियम म्हणतात. मुंग्या आणि लहान किडे यांना दूर ठेवायचं ते हत्यार आहे. तो दोन-तीन सेकंदच बाहेर राहतो, म्हणून आधी रेकॉर्डिंग सुरू करा, मग ब्रश लावा. एका अळीवर दोनदाच घ्या. पुन्हा पुन्हा छेडलं की ती प्रतिसाद देणं कमी करते आणि खाणंही सोडते.

कोषाचे दिवस

दोन-तीन आठवड्यांची अळी एके दिवशी खाणं बंद करते, पातळ ओली विष्ठा टाकते आणि टोपलंभर भटकू लागते. ही तयारीची खूण. आता टोपल्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या एक-दोन काड्या तिरप्या उभ्या करा. ती शेपटाकडे रेशमाची गादी विणते, मग अंगाभोवती रेशमाचा कमरपट्टा घालते आणि पाठ बाहेर झुकवून स्थिर होते. साधारण एका दिवसानंतर शेवटची कात पडते. तिला काहीच मिनिटं लागतात, आणि बहुतेकांचं हेच दृश्य चुकतं. अंग सैल पडून लाटा उठल्यासारखं हलू लागलं की वेळ आली असं समजा आणि मोबाईल सुरू करा.

कोष हिरवा होईल की तपकिरी हे बऱ्याच अंशी आसपासच्या जागेवर ठरतं. हिरव्या डहाळीवर एक आणि सुक्या काडीवर एक अशा दोन अळ्या बसल्या तर दोन्हींचं चित्र शेजारी शेजारी दाखवता येतं.

कोष खाली पडला तर फेकू नका. शेपटाकडच्या रेशमाला बारीक दोरा बांधून त्याला काडीवर टांगा. फुलपाखराला बाहेर आल्यावर पंख खाली सोडून लटकायला खडबडीत आधार आणि खाली किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. जागा नसेल तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत. टिनाच्या छपराखालच्या खोलीत कोष ठेवू नका. गोठ्याच्या सावलीत, ओल्या बारदानाजवळ ठेवा.

कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी एका बारीक छिद्रातून लहान लहान गांधीलमाश्या निघतात. कोषात अंडी घालणाऱ्या परजीवी माश्या आहेत त्या. वाईट वाटून घेऊ नका, चित्रित करा. बागेतल्या अळ्या आटोक्यात ठेवणारी ही मंडळी शेतकऱ्याच्या उपयोगाची आहेत, आणि फिल्ममध्ये त्यांचं एक मिनिट म्हणजे फवारणीबद्दल बोलायला सगळ्यात चांगली जागा.

पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कोष गडद होतो आणि आतले काळे-पिवळे पंख बाहेरून दिसू लागतात. म्हणजे उद्या सकाळ. पहाटेच सगळं लावून बसा. फुलपाखरू बाहेर यायला एक-दोन मिनिटं लागतात, ते सरळ व्हिडिओवर घ्या. नंतर पंख फुलायला १५-२० मिनिटं लागतात, ते टाइम-लॅप्सवर. एकाच मोबाईलवर दोन्ही करायचं असेल तर बाहेर येणं झालं की लगेच मोड बदला, ट्रायपॉड हलवू नका.

टाइम-लॅप्सचा हिशेब असा: दर दोन सेकंदांना एक चित्र, म्हणजे २० मिनिटांत ६०० चित्रं, आणि २५ च्या वेगाने ती २४ सेकंद चालतात. तेवढं पुरेसं आहे. पान खाण्यालाही हेच अंतर ठेवा. टाइम-लॅप्सला सगळ्यात मोठा शत्रू बदलता उजेड. ढग आला-गेला की पडद्यावर चित्र मिचमिचतं. खिडकीला जाड चादर लावा आणि एका स्थिर विजेरीवर काम करा. मोबाईल चार्जिंगला किंवा पॉवर बँकेला जोडलेला हवा, पण वर भिंगाचा चिमटा आणि खाली चार्जिंग अशात तो तापतो. समोरून टेबल फॅन लावू नका, पंख आणि डहाळी हलतात. मोबाईलच्या पाठीला ओला केलेला आणि घट्ट पिळलेला रुमाल लावा, पाणी टिपकायला नको.

या वेळी दोन गोष्टी जवळून घ्या. बाहेर आल्याबरोबर त्याची सोंड दोन वेगळ्या धाग्यांची असते. ते ती गुंडाळून-उलगडून दोन्ही अर्ध एकमेकांत बसवतं आणि मग एकच नळी होते. दुसरं, पोटातून रंगीत द्रवाचे थेंब पडतात. तो कोषातला साठलेला मळ आहे, रक्त नव्हे. निवेदनात हे सांगा, नाहीतर बघणारा घाबरतो. पंख वाळायला काही तास लागतात. दुपारी, वारा कमी असताना, ज्या बागेतून अळी आणली तिथल्याच फुलांवर ते सोडा.

आवाज

टीव्हीवर अळीचं कुरतडणं ऐकू येतं ते बहुतेक वेळा स्टुडिओत तयार केलेलं असतं, हे माहीत असू द्या. दूरवरच्या लेन्सने टिपलेल्या प्राण्याचा आवाज तिथे पोचतच नाही. तुम्हीही तसं करू शकता: रात्री गाव निजल्यावर, पंखा बंद करून, गोधडीने वेढलेल्या खोक्यात मोबाईल ठेवा आणि सांभाराची (कोथिंबिरीची) जाड काडी दातांनी हळू चावा. फक्त हा आवाज नंतर घातलेला आहे एवढं शेवटच्या पाटीत लिहा.

बागेचा मूळ आवाज मात्र खराच घ्या. पहाटे मोटारी सुरू होण्याआधी दोन-दोन मिनिटांचे तीन-चार तुकडे रेकॉर्ड करा. सातभाई, बुलबुल, भारद्वाज यांचा आवाज त्यात येईल. प्रत्येक दृश्याखाली हा आवाज सलग चालवला की तुकड्यांचे जोड कानाला टोचत नाहीत. माइकवर वारा लागू नये म्हणून स्पंजचा तुकडा किंवा जाड पायमोजा चढवा. पार्श्वसंगीत जवळजवळ नकोच. भीतीदायक संगीत लावून मुंगीला खलनायक करणं हा बऱ्याच वाहिन्यांचा खोडसाळपणा आहे, आपण तो शिकू नये.

निवेदन

मिनिटाला ११० शब्दांच्या वर जाऊ नका. पाच मिनिटांच्या फिल्मला ३५० शब्द भरपूर झाले; बाकीचा वेळ चित्राला द्या. जे दिसतं आहे तेच सांगू नका. "अळी पान खात आहे" हे वाक्य वाया गेलं. त्याच जागी "हे जबडे फक्त अळीपुरते, फुलपाखराला पान चावता येणार नाही" असं म्हटलं तर बघणारा जबड्यांकडे पाहतो. प्राण्याच्या मनातलं बोलू नका: ती घाबरली, ती आनंदली, तिने ठरवलं, असली वाक्यं काढून टाका. भाषा घरची चालेल. "हे डोये दिसतात ना, ते डोये नाहीत" असं वऱ्हाडीत सांगितलेलं गावातल्या आजीपासून अंगणवाडीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना पोचतं, आणि पुस्तकी निवेदकाची नक्कल करण्यापेक्षा ऐकायला कितीतरी बरं.

प्रत्येक विधान तपासून घ्या. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातला कीटकशास्त्राचा माणूस, अकोल्याचं कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था इथे विचारता येतं. "फुलपाखरू एक दिवस जगतं" हे वाक्य तर शाळेतल्या प्रत्येक भाषणात येतं आणि चूक आहे. हे फुलपाखरू प्रौढ म्हणून साधारण आठवडाभर जगतं.

निवेदन रेकॉर्ड करताना डोक्यावरून गोधडी घ्या, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरा, म्हणजे 'प' आणि 'भ' फुटत नाहीत.

खरेपणा

घरात टोपल्यात चित्रित केलेलं बागेत टिपल्यासारखं दाखवू नका. २०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट' मालिकेत ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लांचं बिळातलं दृश्य प्राणिसंग्रहालयात घेतलेलं होतं आणि ते कार्यक्रमातच सांगितलं नाही म्हणून मोठा गहजब झाला. तिथे जे दाखवलं ते वागणं खरं तरी होतं. त्याच्या फार आधी, १९५८ च्या डिस्नेच्या 'व्हाइट विल्डरनेस'मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी मुद्दाम कड्यावरून ढकलून त्यांनी आत्महत्या केली असं दाखवलं, आणि ती खोटी समजूत अजून जगभर चालते. तुमच्या फिल्ममध्ये चार वेगवेगळ्या अळ्या एकच म्हणून जोडलेल्या असणारच, त्यात गैर नाही. शेवटी "काही दृश्ये घरी पाळलेल्या अळ्यांची, एकाहून अधिक अळ्या वापरल्या" अशी पाच सेकंदांची पाटी लावा.

याच नियमात हेही येतं: चांगल्या दृश्यासाठी पक्ष्याचं घरटं उघडू नका, त्यापुढच्या फांद्या छाटू नका, साप पकडून मांडू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यातलं बरंच काही गुन्हा आहे, आणि फांद्या छाटलेल्या घरट्यातली पिल्लं उन्हाने किंवा कावळ्याने जातात.

जोडणी आणि गावात दाखवणं

दररोज रात्री फाइल्स दुसरीकडे उतरवा आणि नाव द्या: तारीख, अळीचा क्रमांक, अवस्था. महिन्याभरात दोनशे तुकडे होतात आणि नाव नसलेला तुकडा सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, चित्र दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जोडायला काइनमास्टर किंवा इनशॉट मोबाईलवर पुरतं. संगणक असेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. आधी फक्त चित्र जोडा, आवाज बंद ठेवून पाहा. बिनआवाजाची गोष्ट कळत असेल तरच पुढे जा. फिरणारे, उडणारे, उलगडणारे इफेक्ट लावू नका. साधा काट पुरे.

शेवटची फाइल एमपी४, एच.२६४ मध्ये काढा. नव्या मोबाईलवर एच.२६५ आपोआप निवडलेलं असतं आणि शाळेतला जुना टीव्ही ते उघडत नाही: आवाज येतो, चित्र नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही. पाच मिनिटांची फिल्म मात्र सहज मावते. ग्रामपंचायतीच्या सभागृहात प्रोजेक्टर लावणार असाल तर अंधार पडल्यावरच लावा, दिवसा चुन्याच्या भिंतीवर काळे पंख राखाडी दिसतात. आदल्या संध्याकाळी तिथल्याच स्पीकरवर एकदा पूर्ण चालवून पाहा. मोबाईलवर ऐकू येणारं निवेदन मोठ्या खोलीत घुमतं, म्हणून निवेदनाखालचा पक्ष्यांचा आवाज थोडा आणखी कमी करून दुसरी फाइल काढा आणि दोन्ही पेनड्राइव्हवर ठेवा.